नमस्काराची जागा

मामा,

दूध सोसायटीच्या भिंतीवर तुमच्या नावाचा फलक लागलाय. खडूनं लिहिलंय, 'मोकळ्या मनाचा माणूस हरपला.' अक्षर आपल्या नाट्यमंडळातल्या भानुदासचं. वळणदार आहे, नेहमीसारखं. माझी खुर्ची आत खिडकीशीच असल्यानं येता-जाता तो फलक वाचावा लागतो, आणि वाचला की मला वाटतं, आता तुम्ही मागून येणार, टोपी मांडीवर आपटणार आणि विचारणार, "हं, कुणाला काय खटकलं?"

मला खटकलंय, मामा. म्हणून लिहायला बसलोय. आपल्या घरात लग्न असो की बारसं, जेवणं झाली की मला मधे बसवून तुमचे किस्से सांगायला लावतात. मी ते इतक्यांदा सांगितलेत की त्यातले दोन-चार घडलेच नसावेत असा मला स्वतःलाच संशय येतो. हा मात्र घडलेला आहे. आणि हा मी कधी कुठल्या लग्नात सांगितला नाही, कारण त्यात हसावं कुठं आणि थांबावं कुठं, ते मला अजून जमलेलं नाही.

नाट्यमंडळ आपल्याला बहात्तरच्या दुष्काळानं दिलं. गावाबाहेर खडी फोडायचं काम निघालं आणि सगळं गाव एका ओळीत उकिडवं बसलं. ज्यांच्या घरी सालगडी होते तेही, आणि जे सालगडी होते तेही. सरकारी मदतीची सुकडी एकाच पातेल्यातून वाटली जायची. संध्याकाळी हात हुळहुळायचे, झोप लागायची नाही, म्हणून तुम्ही देवळामागच्या पटांगणात नाटकाच्या तालमी सुरू केल्या. तुम्ही म्हणायचात, "खडी फोडताना कुणी कुणाची जात इचारली न्हाय. मग नाटकात कशाला?" तिथून तो शब्द गावात रुळला. आपलं मंडळ मोकळं. आपल्याकडं झापडं न्हाईत. लोहाऱ्याच्या बाजारात, तहसीलच्या रांगेत, वडाप जीपमधे, जिथं चार माणसं ऐकतील तिथं भानुदास हे सांगायचा. त्याच्या कवितांतही माणुसकी फार यायची. दर कडव्याला एकदा.

तालमीची तुमची एक रीत होती. पटांगणातून जाणारा कुणीही बसावं, बघावं, आणि अंक संपला की तुम्ही मोठ्यांदा विचारायचं, "कुणाला काय खटकलं?" मग एखादी म्हातारी सांगायची की राणी रडताना पदर चुकीच्या खांद्यावर आहे. एखादा गुराखी सांगायचा की राजाचा घोडा असा खिंकाळत नाही. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचा, मान हलवायचा, म्हणायचा, "पटलं." आणि दुसऱ्या दिवशी राणीचा पदर त्याच खांद्यावर आणि घोडा तसाच. मी मंडळाचा प्रॉम्प्टर होतो. नटापेक्षा चार वाक्यं पुढं असायचो, एवढीच माझी कलेतली प्रगती. पडद्याआड बसून मी एवढं शिकलो की मामा 'पटलं' म्हणाले म्हणजे विषय संपला.

सुदाम गुरुजी मंडळात आले ते त्याच काळात. छपन्नला बौद्ध झालेल्या घरातले, आपल्याच गावचे, शाळेवर नव्यानं लागलेले. तुम्ही स्वतः वस्तीत जाऊन त्यांना बोलावून आणलंत. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण तो तुमचा हक्काचा मोठेपणा आहे आणि तो मी काढून घेणार नाही. पुढं पाऊस झाला, गावात दूध सोसायटी आली, मला तिथं कारकुनी मिळाली, आणि गुरुजींनी एक नाटक लिहून आणलं. मंडळ वाचनाला जमलं. भानुदासनं आधीच डोळे मिटून चेहरा जड करून ठेवला होता. सगळ्यांनी ठरवलंच होतं की आता काहीतरी जाळणारं, पोळणारं ऐकायला मिळणार.

निघाली ती कॉमेडी. दूध सोसायटीची. एक चेअरमन असतो. दुष्काळात त्याचं दूध सगळ्यात कसदार, कारण पाणी दुधापेक्षा महाग. पाऊस पडतो, विहिरी भरतात, आणि चेअरमनच्या म्हशीचं फॅट एकाएकी उतरतं. सोसायटीत फॅट मोजायला त्याचाच जावई. आता जावयानं सासऱ्याचं दूध नापास करायचं कसं? शेवटच्या प्रवेशात जावई येतो, भर सोसायटीत सासऱ्याच्या पायावर डोकं ठेवतो. सासरा विरघळतो, आशीर्वादाला हात उचलतो. आणि जावई पाय न सोडता वर बघून म्हणतो, "दूध मात्र घरी न्या."

पडद्याआड बसायची सवय असलेला मी, त्या दिवशी सगळ्यांच्या मधे लोळून हसलो. तुम्हीही हसलात. बाकीचे हसले, पण जरा चोरून. मग भानुदास म्हणाला, चांगलं आहे, प्रश्नच नाही, पण गुरुजींकडून वेगळी अपेक्षा होती. तुमचं जे दुःख आहे, जे तुम्हीच लिहू शकता, ते यायला पाहिजे होतं. दुसऱ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना गुरुजींचं दुःख पाहिजे होतं. मनापासून पाहिजे होतं, तेही खरं.

गुरुजी म्हणाले, "दुःख हाय की, भानुदासराव. पण ते रोजचंच हाय, त्यात नवं काय न्हाय. हे नाटक नवं हाय."

तुम्ही लगेच मांडीवर टोपी आपटलीत. नाटक घेतलं. चेअरमन गुरुजींनीच करायचा हेही तुम्हीच ठरवलंत, कारण वाचताना त्यांनी चेअरमनचं खाकरणं असं काही काढलं होतं की सोसायटीतला आमचा खरा चेअरमन आठवून माझी वाचा बसली होती. जावई अर्थातच भानुदास. मंडळातले सगळे जावई तोच करायचा. नाकीडोळी नीटस, आणि घरून पेहराव आणायचा.

आठवतंय ना? पहिले प्रवेश झकास बसले. भानुदास आणि गुरुजी एकमेकांना टाळ्या देत होते. मग शेवटचा प्रवेश उभा राहिला. गुरुजी खुर्चीत बसले. भानुदास पुढं आला, आधीचं वाक्य म्हणाला, आणि उभाच राहिला. तुम्ही म्हणालात, वाक. तो म्हणाला, मामा, गुडघा धरलाय. तुम्ही म्हणालात, बरं, उद्या. उद्याही गुडघा. परवा तो म्हणाला, तालमीत कशाला, प्रयोगात करतोच की. हा माणूस रोज लोहाऱ्याला सायकल मारत जायचा आणि उभ्यानं मारायचा. 'जात' हा शब्द तर कुणी काढलाच नाही, कारण आपलं मंडळ मोकळं. मोकळ्या मंडळात तो शब्द काढायचा म्हणजे काढणाराच वाईट. गुरुजी खुर्चीत बसून धोतराची निरी नीट करत राहिले.

मी पडद्याआडून बाहेर आलो आणि म्हणालो की जावई मी करतो. मला गुडघे आहेत आणि दोन्ही चालतात. तुम्ही मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलंत आणि म्हणालात, "समतेसाठी नाटकाचा बळी देता येणार न्हाय." सगळे पोट धरून हसले, मीही हसलो, गुरुजी सगळ्यात जास्त हसले. तुमचं म्हणणं बरोबरच होतं. मी स्टेजवर गेलो की मला माझीच वाक्यं मागून कुणी पुरवेल असं वाटत राहतं. पण त्या हसण्यात प्रश्न वाहून गेला, आणि तुम्हाला तेच पाहिजे होतं असं मला आजही वाटतं.

मग तुम्ही तोडगा काढलात. काय तोडगा होता तो. शहाण्या माणसालाच सुचावा असा. तुम्ही म्हणालात, पाया पडणं ही रीतच जुनाट. माणसानं माणसाच्या पाया का पडावं? आपण नव्या विचाराचे. नमस्काराची जागा गाळू, जावई उभ्यानंच हात जोडेल. भानुदासनं टाळी वाजवली. तो म्हणाला, हाच खरा पुरोगामी विचार.

गुरुजींनी शांतपणे विचारलं, "मामा, मागच्या साली तुमच्या नाटकात राजपुत्र गुरूच्या पायावर लोळला. भानुदासरावच लोळले. ती जागा तवा चालली?"

तुम्ही म्हणालात, "पटलं."

विषय संपला. हात जोडून ते वाक्य म्हणून बघितलं. कुणालाच हसू आलं नाही. जावई वाकलाच नाही, तर सासरा विरघळणार कशावर, आणि 'घरी न्या' म्हटल्यावर फसणार कोण? गुरुजींनी आपली वही काखेत मारली, सगळ्यांना नमस्कार केला, म्हणाले की नाटक अजून कच्चं आहे, पिकलं की आणीन. पुढं त्यांची बदली तेरखेड्याकडं झाली. मंडळानं निरोपाचा हार घातला. भाषणं झाली. भानुदास रडला, आणि मामा, तो खरंच रडला. हेच मला कधी सोडवता आलं नाही. तो ढोंगी असता तर माझं काम सोपं झालं असतं.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हणायचो, तुम्ही भानुदासपेक्षा जास्त चुकलात. त्याच्याजवळ नुसता गुडघा होता, तुम्ही त्याच्या गुडघ्याला तत्त्वज्ञान दिलंत. तुम्ही म्हणायचा, मंडळ तुटलं असतं. मी म्हणायचो, तुटू द्यायचं. तुम्ही म्हणायचा, तुला काय जातंय, तू पडद्यामागं. मग मामी म्हणायची, दोघंही जेवा, भाकरी वाळली. वर्षानुवर्षं हे भांडण तुमच्या ओसरीवर चालू राहिलं. मळणी आली, सोसायटीची निवडणूक आली, पुन्हा एक कोरडं साल आलं, भांडण तेच. त्यात गंमत अशी की गावात तुमच्या पाठीमागं कुणी तुम्हाला नावं ठेवली की मीच त्याच्याशी भांडून यायचो.

आणि मग एका दिवाळीच्या आधी तुम्ही एकाएकी म्हणालात, "चल, तेरखेड्याला जाऊन फटाके आणू." तुम्ही जन्मात सुरसुरी विकत घेतली नव्हती. पण पिशवी घेऊन आपण निघालो, उस्मानाबादला गाडी बदलली, उतरलो आणि शोभेच्या दारूच्या सगळ्या दुकानांवरून सरळ पुढं चालत तुम्ही शाळेपाशी जाऊन उभे राहिलात. कुणीतरी तुम्हाला सांगितलं होतं की त्या दुपारी गुरुजींच्या नाटकाची रंगीत तालीम आहे.

शाळेच्या पत्र्याखाली गाव जमलं होतं. आपण मागं सतरंजीवर बसलो. गुरुजी चेअरमन झाले होते आणि जावई होता एक नवा मास्तर, कुणातरी मोठ्या बागायतदाराचा मुलगा. शेवटचा प्रवेश आला. तो मास्तर पुढं आला, झटकन वाकला, झटकन उठला, वाक्य म्हणाला. गुडघा नाही, काही नाही. वाकला तो, इतकं सोपं होतं ते. फक्त हसू आलं नाही. दोन-चार जण खुसखुसले तेवढंच. फटाके करणारं गाव ते, त्यांना हलका आवाज पुरत नाही.

गुरुजी खुर्चीतून म्हणाले, "हं, कुणाला काय खटकलं?"

तुमची रीत त्यांनी तिथंवर नेली होती. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही खाली सतरंजीकडं बघत होता. मग उठलात. गुरुजींनी तुम्हाला तोवर पाहिलंच नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "जावई वाकला ते बेस. पण उठायची घाई केली. पाय धरून थांबायचं. सासऱ्याला वाटलं पायजे, झालं, दूध पास. तवर थांबायचं."

"दाखवा, मामा," गुरुजी म्हणाले.

तुम्ही माणसांतून वाट काढत पुढं गेलात. पायताण काढलंत. टोपी काढून त्या मास्तरच्या हातात दिलीत. आणि वाकलात, दोन्ही हातांनी गुरुजींचे पाय धरलेत, डोकं टेकवलंत. थांबलात. सासऱ्याला दूध पास वाटायला जेवढं थांबायचं तेवढं थांबलात, मग त्याच्याही पुढं थांबलात. गुरुजींचा आशीर्वादाचा हात वर गेलेला तसाच राहिला. मला वाटलं, तुम्ही वाक्य विसरलात, आणि सवयीनं मी ओठ हलवले.

मग तुम्ही मान वर केलीत आणि म्हणालात, "दूध मात्र घरी न्या."

असं हसू मी आपल्या पटांगणात कधी ऐकलं नाही. पोरं सतरंजीवर लोळली. आणि त्या गदारोळात गुरुजी खुर्चीत तसेच बसून, चेअरमनच्याच आवाजात म्हणाले, "मामा, मागच्यांना दिसलं न्हाय. परत एकदा दाखवा."

तुम्ही पुन्हा वाकलात.

परतीच्या गाडीत पिशवी रिकामीच होती. मी न राहवून विचारलं, मामा, वाकला तो दिग्दर्शक होता का माणूस? तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. तसेच बघत म्हणालात, "त्या पोराला थांबायला शिकवाया पायजे होतं." एवढंच. पुढं किती वेळा विचारलं मी, ओसरीवर, शेतात, तुमच्या आजारपणात खाटेशी बसूनसुद्धा. दर वेळी तेच उत्तर. आता तर तेही यायचं नाही.

बातमी आपल्या आधी गावात पोचली. आणि मंडळानं काय करावं? तुमचा सत्कार ठरवला. भानुदास घरी आला, म्हणाला, मामा, कलेसाठी एवढं करणारा माणूस जिल्ह्यात नाही, आपल्या मंडळाचं मन किती मोकळं हे जगाला दिसलं. शाल, नारळ, आजूबाजूच्या गावचे लोक, सगळं ठरलंच होतं. तुम्ही ऐकून घेतलंत. मी वाट बघत होतो की तुम्ही 'पटलं' म्हणाल आणि विषय संपेल. तुम्ही म्हणालात, "शाल नको. त्या पैशात सुदामचं नाटक बसवू. नमस्काराच्या जागेसकट. जावई तूच."

भानुदास म्हणाला, बसवू की, का नाही. मग सुगी आली. मग निवडणूक आली. मग पाऊस नव्हता. नंतर तालमीला माणसं येईनाशी झाली. भांडण कुणाशीच झालं नाही, सगळे रस्त्यात भेटले की तुमच्या पाया पडायचे, फक्त पटांगणात कुणी यायचं नाही. तुम्ही काही दिवस एकटेच जाऊन पटांगणातल्या पारावर बसायचा. मी जोडीला यायचो, पण प्रॉम्प्टरला बघून कुणाचं नाटक उभं राहत नाही. जे तुटू नये म्हणून तुम्ही ती जागा गाळली होतीत, ते शेवटी ती जागा परत मागितली तेव्हा तुटलं. मी तुम्हाला 'तुटू द्यायचं' म्हणायचो ना? तुटलेलं बघितल्यावर माझ्या तोंडून ते वाक्य पुन्हा कधी निघालं नाही. तुमच्या लक्षात आलं होतं की नाही, ठाऊक नाही.

पुढं गुरुजींची बदली परत लोहाऱ्याला झाली आणि रविवारी ते तुमच्या ओसरीवर यायला लागले. ते नवं लिहिलेलं वाचायचे आणि तुम्ही खोड काढायचा. ते चिडायचे. तुम्हाला म्हणायचे, "मामा, तुमी लई हेकट." तुम्ही म्हणायचा, "व्हय." त्या रविवारांत मोकळेपणाबद्दल कुणी एक अक्षर बोललेलं मला आठवत नाही. मी कोपऱ्यात बसून ऐकायचो आणि वाटायचं, एवढं चांगलं भांडण गावात दुसरीकडं कुठं चालत नाही.

म्हणून मला तो फलक खटकतो. मोकळं मन तुम्हाला जन्मतः मिळालं होतं असं त्यावरून वाटतं. तसं नव्हतं, मामा. तुम्ही आमच्यासारखेच होता, वर हुशारही होता, म्हणजे निसटायच्या वाटा तुम्हाला जास्त ठाऊक. त्या सगळ्या वाटा सोडून एका दुपारी तुम्ही गाडी बदलून, फटाक्यांचं खोटं सांगून, पार तिथवर गेलात. दिग्दर्शक गेला असेल, माणूस गेला असेल. गेलात हे मला पुरे. हे मी तुमच्यासमोर कधी म्हणालो नाही. भांडायची सवय लागली की कौतुक कुठून सुरू करायचं ते सुचत नाही.

आता तुमच्या मातीच्या दिवसाचं सांगतो, कारण तेवढं तुम्ही पाहिलं नाही.

मळ्यातनं सगळे परत आले. ओसरीवर, आत, अंगणात माणसंच माणसं. चूल पेटवायची नव्हती. मातीनंतरचा पहिला, कडू घास बाहेरून यायचा, तो भावकीतून यायची रीत. भावकीतल्या बाया कुणी आधी आणायचं याची कुजबूज करत होत्या, आणि तेवढ्यात गुरुजी दारात आले, सोबत त्यांच्या मंडळी शालनबाई. शालनबाईंच्या डोक्यावर दुरडी, वर धडपा झाकलेला. भाकरी आणि पिठलं. भानुदास पुढं झाला, मोठ्या अदबीनं म्हणाला, अरे, गुरुजींना खुर्ची द्या. खुर्ची आलीसुद्धा. बाकी सगळे सतरंजीवर आणि ती एक खुर्ची बाजूला.

आतून मामी म्हणाली, "खुर्ची पाहुण्याला देत्यात. गुरुजी, हिकडं बसा. शालन, वाढ बाई."

शालनबाईंनी ताट वाढलं. सगळ्या बाया मामीच्या हाताकडं बघत होत्या. मामीनं भाकरी मोडली, घास पिठल्यात बुडवला, तोंडात घातला. डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसलं. दुसरा घास मोडला, आणि मग हात थांबवून म्हणाली, "शालन, मीठ कमी पडलंय गं."

शालनबाई म्हणाल्या, "गडबडीत केलं, मामी."

"असू दे. पर कमी हाय."

पहिल्यांदा कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटतं, भानुदासची बायको. मग तीच उठली, आत जाऊन मिठाची वाटी घेऊन आली, ती मामीपुढं ठेवली आणि तिथंच मांडी घालून बसली. स्वतःसाठी ताट मागितलं. मग आणखी दोघी सरकल्या. दुरडी फिरत फिरत ओसरीवर आली.

मी दोन भाकरी खाल्ल्या, मामा. त्या दिवशी भूक लागलेली बरी दिसत नाही, पण लागली.